सगळं ट्रस्टमध्ये घाला: बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखानदाराच्या घरातलं प्रकरण

आबांची मागणी एका वाक्याची होती. "आमचं सगळं एका ट्रस्टात घाला, आणि कागदावर लिहून सोडा की हे कुणी, कधीच विकायचं नाही." त्यांच्या ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यानं पुण्याच्या सल्लागाराकडून तसं करून घेतलं होतं आणि त्या डीडची, म्हणजे ट्रस्टच्या दस्ताची, झेरॉक्स आबांच्या पिशवीत होती. शेवटी ट्रस्ट झाला, पण त्यात आबांच्या मालमत्तेतलं थोडंच गेलं. बाकीचं बाहेर का ठेवलं, हाच या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग आहे. ओळख पटू नये म्हणून वयं, रकमा आणि गावांचे तपशील थोडे बदलले आहेत. हिशेबाची आणि कराची बाजू माझ्याकडे होती, दस्त एका वकील मित्रानं केले.

आबा 72 वर्षांचे. उद्यमबागेत त्यांचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशिनिंग तिथं होतं. सुरुवात एका जुन्या लेथवर, आज संगणकावर चालणारी तीन सीएनसी यंत्रं. धंदा भागीदारीत, आबा आणि थोरला दोघंच. थोरला 45 वर्षांचा, त्याला मुलगी आणि मुलगा. ताई 42, गडहिंग्लजला दिलेली, माध्यमिक शाळेत शिकवते, तिला एक मुलगी. आई 67. आणि धाकटा 34 वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आणि सोबत बौद्धिक अपंगत्व.

धाकट्याबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण ट्रस्ट त्याच्यासाठीच उभा राहिला. उजवा पाय ओढत चालतो, बोलणं घरच्यांनाच कळतं. सकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन दूध आणतो. दहाची नोट ओळखतो. पाचशेची दिली तर परत देतो, कारण दुकानदार ती घेत नाही असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. पुढ्यात कागद ठेवून कुणी "इथं दाब" म्हटलं की हसत अंगठा देतो. मध्यंतरी लांबच्या एका नातेवाइकानं दुचाकीच्या कर्जाला जामीन म्हणून त्याचा अंगठा घेतला होता. ताई नेमकी माहेरी आली होती म्हणून तो कागद घराबाहेर गेला नाही. आबांनी ट्रस्टचा विषय काढला तो त्यानंतर, पण मागणी करताना त्यांनी धाकट्याचं नावच काढलं नव्हतं. कारखाना, शेत, घर, सोनं, सगळं बोलून झालं, आणि उठता उठता आई म्हणाली, "आमच्या माघारी ह्याचं कसं, तेवढं बगा की."

मालमत्तेची यादी करायला घेतली तेव्हा टेबलावर कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन राज्यांचे कागद जमले. शहापूरचं जुनं घर, सीटीएस (नगर भूमापन) उताऱ्यावर आबांचं नाव, मूळ खरेदीखत 1938 चं, मोडीत. टिळकवाडीत आबांच्या स्वतःच्या कमाईचा फ्लॅट, भाड्यानं दिलेला, पण कारखान्याच्या कॅश क्रेडिटला (खेळत्या भांडवलाच्या बँक कर्जाला) तारण. उद्यमबागेतला प्लॉट आणि शेड, तेही तारण. उचगावला दोन एकर, त्याची पहाणी (कर्नाटकातला सातबारा). महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात साडेतीन एकर काजू, त्याचा सातबारा. बँकेतल्या ठेवी, म्युच्युअल फंड, आई-आबांचे पीपीएफ, आईचं सोनं, आणि तीन पतसंस्थांमधल्या पावत्या.

आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर देवस्थान नाहीतर शिक्षणसंस्था येते. तो सार्वजनिक ट्रस्ट. घरातल्या ठरावीक माणसांसाठी केलेला खासगी ट्रस्ट वेगळा. त्याला 1882 चा भारतीय विश्वस्त कायदा लागतो आणि तो धर्मादाय कार्यालयात नोंदवायचा नसतो. मालमत्ता देणारा, ती सांभाळणारे विश्वस्त आणि जिच्या भल्यासाठी ती सांभाळायची ती व्यक्ती, अशी ही व्यवस्था. मालकी कागदोपत्री विश्वस्तांची, फायदा लाभार्थीचा. कलम 6 प्रमाणे हेतू, लाभार्थी आणि मालमत्ता स्पष्ट हवी, आणि मालमत्ता विश्वस्तांच्या हाती खरोखर गेलेली हवी. शेवटच्या अटीपाशी बरेच घरगुती ट्रस्ट अडतात: डीड होतं, फाइल कपाटात जाते, आणि पैसा होता त्याच खात्यात राहतो.

"कधीच विकायचं नाही" ही आबांची अट पहिल्याच बैठकीत गेली. मालमत्ता देताना ती विकण्यावर कायमची बंदी घातली तर 1882 च्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 10 प्रमाणे ती बंदी रद्दबातल ठरते. कलम 14 ट्रस्टलाही अनंत काळ मालमत्ता अडवू देत नाही: आज हयात असलेल्यांचं आयुष्य आणि त्यानंतर जन्मलेल्या लाभार्थीचं अज्ञानपण (सज्ञान होईपर्यंतचा काळ), तेवढीच मुदत. आबा थोडे खट्टू झाले. स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. त्यावर बोलत बसलो नाही.

झेरॉक्समधली चूक

पुण्याहून आलेल्या नमुना डीडमध्ये विश्वस्तांना पूर्ण मोकळीक होती: कुटुंबातल्या कुणालाही, वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं द्यावं. वाचायला ऐसपैस वाटतं, पण लाभार्थींचे हिस्से ठरलेले नसले की आयकर अशा ट्रस्टच्या उत्पन्नावर सगळ्यात वरच्या दरानं कर लावतो, तोही पहिल्या रुपयापासून. 1961 च्या कायद्यात हे कलम 164 मध्ये होतं. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. वर्षाला लाख-सव्वा लाख व्याज मिळवणाऱ्या ट्रस्टनं कोट्यधीशाच्या दरानं कर भरावा, असं त्या डीडमुळे झालं असतं. ज्या घरी कोट्यवधींचं उत्पन्न आहे त्यांना कदाचित ही किंमत परवडते. आबांना ती परवडण्यासारखी नव्हती आणि गरजही नव्हती.

त्याऐवजी लाभार्थी एकच, धाकटा, आणि उत्पन्नाचा हिस्सा शंभर टक्के त्याचा. मग विश्वस्त त्याच्या वतीनं विवरण भरतात आणि कर त्याच्याच टप्प्यांनी लागतो. मुलगा सज्ञान असल्यानं त्याचं उत्पन्न आबांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही. त्यासाठी ट्रस्ट न मोडता येणारा हवा. आबांनी "मला वाटलं तर परत घेईन" असा अधिकार ठेवला असता तर सगळं उत्पन्न करासाठी आबांचंच धरलं गेलं असतं, आणि देणेकऱ्यांपासून (ज्यांचं आपण देणं लागतो त्यांच्यापासून) संरक्षणाचा मुद्दाही लंगडा पडला असता. आबांनी विचारलं, "म्हणजे दिलं ते गेलंच?" हो, गेलंच. म्हणूनच आत्ता किती द्यायचं हे जपून ठरवायचं होतं.

एक गोष्ट आबांच्या मनाविरुद्ध गेली. धाकट्याच्या माघारी उरलेली रक्कम एका मठाला आणि त्यांच्या जुन्या शाळेला द्यावी असं त्यांना वाटत होतं. पण ट्रस्टला आलेल्या पैशावर कर लागू नये यासाठी जी सूट आहे, ती केवळ देणाऱ्याच्या नातेवाइकांच्या भल्यासाठी केलेल्या ट्रस्टलाच आहे. त्या ओळीत मठ घुसला की "केवळ" हा शब्द अडचणीत येतो. मठाला आणि शाळेला आबा आपल्या हातानं आत्ताच देतील असं ठरलं, आणि ट्रस्टमधली शिल्लक धाकट्याच्या मृत्यूच्या वेळी हयात असलेल्या तिन्ही नातवंडांना समान.

काय बाहेर ठेवलं

शेत. महाराष्ट्रात कूळवहिवाट आणि शेतजमीन कायद्याचं कलम 63 शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाण्यावर बंधन घालतं. ट्रस्ट शेतकरी आहे की नाही हा वाद चंदगडच्या तलाठ्यापासून वरपर्यंत नेण्याची हौस कुणालाच नव्हती. कर्नाटकात 79अ आणि 79ब ही कलमं 2020 च्या दुरुस्तीनं गेली, त्यामुळे अलीकडच्या बाजूला तेवढा अडथळा उरलेला नाही. तरी उचगावची दोन एकरं ट्रस्टमध्ये घालून धाकट्याला काय मिळणार होतं? भात विकून आलेला पैसा आणि दरवर्षी बांधावरची भांडणं. शेत मृत्युपत्रात गेलं: चंदगड ताईला, उचगाव थोरल्याला.

शहापूरचं घर. इथं आबांचा पक्का समज होता की उताऱ्यावर माझं नाव म्हणजे घर माझं. घर आबांच्या आजोबांनी घेतलेलं. ते 1949 मध्ये वारले, म्हणजे 1956 चा हिंदू वारसा कायदा येण्याआधी. त्यामुळे आबांच्या वडिलांच्या हाती ते वडिलोपार्जित म्हणून आलं, आणि आबांच्या मुलांना त्यात जन्मानंच हक्क. ताईलाही, कारण 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद (जन्मानं वाटेकरी) झाली, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्याच निकालानं आणखी एक दार उघडलं, ज्याचा घरात कुणी विचारच केला नव्हता: निपाणीची आत्या, आबांची बहीण. आबांचे वडील 1978 मध्ये गेले, तेव्हा वाटणी झाली नाही, हक्कसोड झालं नाही, आबांचं नाव लागलं आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

आत्या 75 वर्षांची. फोनवर आबांनी "एक सही पायजे" असं म्हटल्यावर ती म्हणाली, "सही देतो की. खरं माझं जे बसतंय ते मला द्या, मग देतो." आबांना ते लागलं. दोन आठवडे बोलणं बंद. ताईनं मध्यस्थी केली, मोबदला ठरला, चेकनं दिला, आणि हक्कसोडपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं. माझ्या मते आत्या पूर्ण बरोबर होती, आणि मोबदला घेऊन दिलेलं हक्कसोड फुकट घेतलेल्या सहीपेक्षा पुढं जास्त टिकतं.

घर मात्र ट्रस्टमध्ये घातलं नाही. त्यात धाकट्याचा स्वतःचा जन्माचा हिस्सा आहे आणि जे त्याचंच आहे ते आबा त्याला "देऊ" शकत नाहीत. आबांनी मृत्युपत्रात फक्त स्वतःच्या हिश्श्याचं लिहिलं.

पीपीएफ ट्रस्टच्या नावे उघडता येत नाही, तो विषय तिथंच संपला. पतसंस्थांच्या पावत्या मुदत संपेल तशा मोडायला सांगितल्या. आपल्या भागात दीड-दोन टक्के जादा व्याजासाठी पतसंस्थेत ठेवण्याची सवय जुनी आहे, पण बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत जे विम्याचं कवच असतं ते पतसंस्थेच्या ठेवीला नसतं. अपंग मुलाच्या पैशात ही जोखीम नको, हे आबांना लगेच पटलं.

कारखाना तर ट्रस्टबाहेर ठेवायचाच होता. ट्रस्टला धंद्याचं उत्पन्न आलं की सहसा पुन्हा तोच वरचा दर लागतो.

हमी

थोरल्यानं पहिल्या भेटीत, आबा फोनवर बोलायला बाहेर गेल्यावर, हळूच विचारलं होतं: "उद्या कर्ज थकलं, तर ट्रस्टात घातलेलं वाचतंय काय?" हा प्रश्न बरेच जण मनात ठेवतात, यानं विचारला ते बरं झालं.

उत्तर वेळेवर अवलंबून आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53 सांगतं की देणेकऱ्यांना बुडवायच्या किंवा लटकावायच्या हेतूनं केलेलं हस्तांतरण देणेकरी रद्द ठरवून घेऊ शकतो. खातं थकायला लागल्यावर केलेला ट्रस्ट बँकेचा वकील पहिल्याच तारखेला उचलून दाखवतो. खातं नियमित असताना, बाकीच्या मालमत्तेतून सगळी देणी भागतील अशा स्थितीत, एका अपंग मुलासाठी माफक रक्कम बाजूला काढली तर तिला हात लावणं अवघड. आबांचं खातं नियमित होतं. पण आबा भागीदार होते, वर वैयक्तिक हमीदार होते, आणि टिळकवाडीचा फ्लॅट तारण होता. तो फ्लॅट मृत्युपत्रानं धाकट्याच्या ट्रस्टला जायचा होता, आणि मृत्युपत्रानं आलेली मालमत्ता मृताची देणी भागवूनच पुढे जाते. हमीदार मेला म्हणून तोपर्यंतचं येणं बँक सोडत नाही. म्हणजे फ्लॅट मोकळा करायचा आणि आबांना हमीतून काढायचं, हे डीडच्या आधीचं काम होतं.

सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. दोघांच्या भागीदारीतून एक निवृत्त झाला तर फर्मच राहत नाही, म्हणून आधी सुनेला भागीदार करून घेतलं. मग आबांचा निवृत्तीचा करार. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस दिल्याशिवाय निवृत्त भागीदाराची तिऱ्हाइतांकडची जबाबदारी संपत नाही, म्हणून फर्म्सच्या रजिस्ट्रारला कळवलं, राजपत्रात दिलं आणि स्थानिक वर्तमानपत्रात छापलं. आबांनी ते कात्रण कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं. चाळीस वर्षांच्या धंद्यातून बाहेर पडल्याचा एवढाच कागद, असं म्हणाले. बँक लगेच तयार नव्हती. "फ्लॅट सोडतो, बदल्यात दुसरं काय देता?" एक मुदत कर्ज आधीच फेडलं, कॅश क्रेडिटची मर्यादा खाली आणली, उद्यमबागेच्या प्लॉटचं नवं मूल्यांकन केलं. पावसाळ्यात सुरू झालेलं हे काम होळीच्या सुमाराला संपलं, आणि फ्लॅटची मूळ कागदपत्रं हातात आली.

आता हमीदार थोरला आणि त्याची बायको. त्यांच्या मुलांचं काय? त्यासाठी ट्रस्ट डीडची गरजच नव्हती. विवाहित पुरुषानं स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांच्या लाभासाठी म्हणून, विवाहित महिला मालमत्ता कायदा 1874 च्या कलम 6 खाली घेतला, तर ती पॉलिसीच ट्रस्ट ठरते. देणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूनं हप्ते भरले हे सिद्ध होत नाही तोवर ती रक्कम त्यांच्या हाती लागत नाही. प्रस्ताव भरतानाच ते लिहावं लागतं. जुनी पॉलिसी नंतर तशी करता येत नाही. थोरल्याच्या चार जुन्या पॉलिसी होत्या, एकीवरही हे नव्हतं. त्यानं नवी टर्म पॉलिसी तशी घेतली. कर्जाच्या कागदांवर सही करणाऱ्या प्रत्येक कारखानदारानं हे करावं असं मला वाटतं, आणि एजंट मंडळी आपणहून क्वचितच सांगतात.

विश्वस्त कोण

इथं घरात ठिणगी पडली. आबा म्हणाले थोरला. मी आणि वकिलांनी नको म्हटलं. कारण साधं: त्याच्या नावावर कर्ज आहे, आणि एखाद्या मार्चअखेरीला पगार भागवायला चार लाख कमी पडले तर भावाच्या ट्रस्टमधले पैसे "पंधरा दिवसांसाठी" दिसायला लागतात. विश्वस्तानं ट्रस्टचा पैसा स्वतःच्या फायद्याला वापरणं विश्वस्त कायद्याच्या कलम 51 ला मान्य नाही, मग परत भरला तरी. थोरला चांगला माणूस आहे, पण त्याला या मोहाच्या जागी बसवायचंच कशाला?

सून बोलली. "म्हणजे आमच्यावर विश्वास न्हाई असंच की हे. चौदा वर्सं जेवू घालतोय त्याला, औषध देतोय, तेव्हा कुणाला काय वाटलं न्हाई." खोलीत कुणी उत्तर दिलं नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतंच. धाकट्याला फिट येते तेव्हा त्याची मान कलती धरायला तीच असते.

तिच्याच बोलण्यातून वाट निघाली. पैसे सांभाळणारा आणि माणूस सांभाळणारा वेगळा असावा. विश्वस्त तिघं: आई, ताई, आणि आबांचे मावसभाऊ, बँकेतून निवृत्त झालेले, 68 वर्षांचे. धाकट्याचा सांभाळ थोरला आणि सून करणार, आणि त्याचा दरमहा खर्च ट्रस्टमधून त्यांना हक्कानं मिळणार, मागावा लागणार नाही. डीडमध्ये लिहिलं की दर एप्रिलमध्ये वर्षाचा हिशेब थोरल्याला लेखी द्यायचा आणि त्यानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच. ज्याच्या हाती पैसा आहे त्याला विचारणारा कुणीतरी लागतो. सून शांत झाली असं म्हणणार नाही, पण सहीच्या दिवशी आली आणि सगळ्यांसाठी डबा घेऊन आली.

कायद्यानं सगळ्या विश्वस्तांनी मिळून निर्णय घ्यायचा असतो, डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर. गडहिंग्लजहून प्रत्येक सहीला ताई येणार कशी? म्हणून नेहमीच्या खर्चाला दोघांची सही पुरे, पण ठेव मोडणं, फ्लॅट विकणं याला तिघांची. गुंतवणूक कशात करायची हेही डीडमध्ये नाव घेऊन लिहिलं, कारण 2016 च्या दुरुस्तीनंतर विश्वस्त कायद्याच्या कलम 20 प्रमाणे डीड काय परवानगी देतं याला महत्त्व आहे: बँकेच्या ठेवी, सरकारी रोखे, ठरावीक प्रकारचे म्युच्युअल फंड. सोनं, पतसंस्था आणि नातेवाइकांना कर्ज यांना स्पष्ट मनाई.

धाकट्याच्या सह्यांचा प्रश्न ट्रस्टनं सुटत नाही. त्यासाठी कायदेशीर पालक लागतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुअपंगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, आणि अर्ज डीसी ऑफिसातून (जिल्हाधिकारी कार्यालयातून) जातो. आई-आबांना आजवर वाटत होतं की आई-बाप आहोत म्हणजे पालक आहोतच. मुलगा 18 चा झाला तेव्हाच ते कायद्यानं संपलं होतं. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, त्याचा नमुना मी करून दिला. त्याच कायद्याखालची निरामय आरोग्य विमा योजना, 1 लाखापर्यंतची, तीही तेव्हाच घेतली. इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

आकडे

धाकट्याचा खर्च महिना 22,000 रुपये धरला: औषधं, फिजिओथेरपी, वर्षातून दोनदा खास बनवून घेतलेले बूट, दिवसा येणारा मदतनीस, खाणं-कपडे. वर्षाला 2,64,000. आबांनी ट्रस्टला चेकनं 15 लाख दिले. सात टक्क्यांनी वर्षाला 1,05,000. फ्लॅटचं भाडं महिना 14,000 म्हणजे वर्षाला 1,68,000. बेरीज 2,73,000, आजच्या खर्चाला जेमतेम पुरणारी. सहा टक्के महागाईत खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो, म्हणून आई-आबा आहेत तोवर खर्च त्यांनी करायचा आणि व्याज ट्रस्टमध्येच साठू द्यायचं.

फ्लॅट आत्ता ट्रस्टला दिला नाही. कर्नाटकात घरच्या घरी केलेल्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्काची सवलत आहे, ट्रस्टला स्थावर देताना मात्र ते शुल्क खरेदीखताच्या दरानं मोजलं जाऊ शकतं. मृत्युपत्रानं दिलं तर मुद्रांक नाही. म्हणून ट्रस्ट आज रोख रकमेवर जिवंत केला, आणि मृत्युपत्रात फ्लॅट आणि उरलेल्या ठेवी त्याच ट्रस्टला लिहिल्या. ट्रस्ट डीड इंग्रजीत. मृत्युपत्र मराठीत, कारण आबांना आणि आईला ते चष्मा लावून स्वतः वाचता यायला हवं होतं. दोन साक्षीदार, त्यातला एक त्यांचे नेहमीचे डॉक्टर, आणि नोंदणी सक्तीची नसतानाही नोंदवलं.

ट्रस्टचं खातं उघडताना मात्र घाम निघाला. एका बँकेच्या शाखेत ट्रस्ट म्हणताच संस्थेचा ठराव, 12अ चं (धर्मादाय संस्थांच्या करसवलतीचं) प्रमाणपत्र आणि धर्मादाय नोंदणी मागितली. खासगी ट्रस्ट असतो हे तिथल्या दोन टेबलांना माहीत नव्हतं. दुसरीकडे पॅन, डीड आणि तिघांची केवायसी एवढ्यावर काम झालं. चेक वटला त्या दिवशी मी आबांना फोन करून सांगितलं की ट्रस्ट आज सुरू झाला, डीडची तारीख विसरा.

डीडला जोडून आईचं एक पत्र आहे. कायद्यानं बंधनकारक नाही, पण विश्वस्तांनी वर्षातून एकदा वाचावं असं डीड सांगतं. आईनं सांगितलं, ताईनं लिहून घेतलं. फिटची गोळी रात्री आठला, जेवणानंतर, ताकाबरोबर नको. भाकरी दुधात कुस्करून. फटाक्यांना भितो, दिवाळीत आतल्या खोलीत रेडिओ मोठा लावायचा. सौंदत्तीला वर्षातून एकदा न्यायचं, गर्दी नसलेल्या दिवशी. अंघोळीला अनोळखी बाई-माणूस नको. दूध आणायला त्यालाच पाठवायचं, पडलं-सांडलं तरी. यातली एकही ओळ मला किंवा वकिलांना सुचली नसती.

दोन कामं अजून उरली आहेत. टिळकवाडीच्या फ्लॅटच्या ई-खात्यावर (कर्नाटकातल्या मालमत्तेच्या ऑनलाइन उताऱ्यावर) आबांचं आडनाव कानडीत एका तऱ्हेनं आहे, आधारवर दुसऱ्या, खरेदीखतात तिसऱ्या. आबा स्वतः सही करू शकतात तोवर ते एक करून घ्यायचंय, अर्ज दिलाय. आणि मावसभाऊ 68 वर्षांचे आहेत, त्यांच्यामागून कोण हे डीडमध्ये आबांनी थोरल्याच्या मुलीचं नाव घालून ठरवलंय, ती 25 वर्षांची झाल्यावर. सध्या ती 19 ची, हुबळीला इंजिनिअरिंगला. मधल्या सहा वर्षांत गरज पडली तर ताईच्या नवऱ्याला घ्यायचं की बाहेरच्या कुणाला, यावर आबा आणि थोरल्याचं अजून जमलेलं नाही.